दूध संस्थेची वही कॉम्प्युटरवर आणताना

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. आमचं गाव वाळवा तालुक्यात, नदीकाठचं. पाणी ओसरल्यावर संस्थेचं कपाट उघडलं, तर संकलनाची रजिस्टरं फुगून एकमेकांना चिकटलेली. पान सोडवायला गेलं की हातात लगदा यायचा. कॉम्प्युटर होता, पण तोही त्याच खोलीत होता आणि त्यातल्या फायलींची दुसरी प्रत कुठंच नव्हती.

पुराआधीच्या दहा दिवसांचं बिल द्यायचं राहिलं होतं. एक म्हातारी मावशी दारात येऊन उभी राहिली. "आक्का, माझं बिल तेवढं बघ की." तिनं घर सोडताना दूध कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून पदराला बांधलं होतं. त्या कार्डावरून आणि तशाच दीडेकशे कार्डांवरून आम्ही ते बिल पुन्हा उभं केलं. संस्थेच्या कपाटात बुडालेल्या नोंदी उत्पादकांच्या घरी वाचल्या होत्या.

मी या महिला दूध संस्थेची सचिव. २४० जणी दूध घालतात, सकाळ-संध्याकाळ. पुरानंतर सगळ्या नोंदी मी नव्यानं बांधल्या, चुकत चुकत. तुमची दूध संस्था असो, पतसंस्था असो की गावचं वाचनालय, वही सोडून कॉम्प्युटरवर येत असाल तर हे वाचा.

कॉम्प्युटर चालू करायच्या आधी

कोरा कागद घ्या आणि त्यावर एकच गोष्ट ठरवा: आपल्या नोंदीतली एक ओळ म्हणजे काय? आमच्याकडे एक ओळ म्हणजे एका उत्पादकानं एका वेळेला मापलेलं एक कॅन दूध. ती अशी दिसते (एसएनएफ म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ):

पावती ४८१२, सभासद २१७, ३ मार्च, सकाळ, म्हैस, ४.२ लिटर, फॅट ६.८, एसएनएफ ९.१, दर ५४.००, रक्कम २२६.८०

वहीत आपण असं लिहीत नाही. वहीत डावीकडे नाव आणि पुढे दहा दिवसांचे दहा खाने. कागद वाचवायला ते बरोबर होतं. पण तीच मांडणी कॉम्प्युटरवर नेली की पंचाईत होते. "गेल्या उन्हाळ्यात गाईचं दूध किती कमी झालं?" असं कुणी विचारलं तर उत्तर शेकडो खान्यांत विखुरलेलं असतं. ओळी खाली खाली वाढू द्या, खाने आडवे वाढवू नका. बेरीज, गाळणी, बिल हे सगळं मग त्यातूनच निघतं.

दुसरं, सगळं एकाच तक्त्यात कोंबू नका. सभासदांचा तक्ता वेगळा: क्रमांक, नाव, पत्ता, फोन, बँक खातं. संकलनाचा वेगळा. दरपत्रकाचा वेगळा. कपातीचा वेगळा, म्हणजे पशुखाद्याची उचल, अॅडव्हान्स, कर्जाचा हप्ता. संकलनाच्या ओळीत फक्त सभासद क्रमांक टाकायचा, नाव-पत्ता नाही. फोन बदलला तर एकाच जागी बदलावा लागतो. माहिती अशी तक्त्यांत मांडून क्रमांकानं जोडायची ही रीत एडगर कॉड यांनी १९७० साली मांडली, आणि आज बँकेच्या खात्यापासून रेल्वेच्या तिकिटापर्यंत बहुतेक कारभार त्याच रीतीवर चालतो. आपल्या गावच्या डेअरीलाही तीच लागू पडते.

क्रमांक, नाव नव्हे

आमच्याकडे एकाच नावाच्या, एकाच आडनावाच्या तिघीजणी आहेत. नवऱ्याचं नाव तेवढं वेगळं, आणि दोघींच्या नवऱ्यांची आद्याक्षरंही सारखी. नावावरून बिल काढलं तर घोळ ठरलेला.

म्हणून क्रमांक. आणि दिलेला क्रमांक पुन्हा कुणालाही द्यायचा नाही. सभासद वारली, दूध बंद केलं, गाव सोडलं, तरी क्रमांक तिचाच. आमच्या संस्थेत पूर्वी ५८ नंबर रिकामा झाला म्हणून नव्या सुनेला दिला गेला, आणि आधीच्या बाईंच्या खाद्याची बाकी तिच्या पहिल्या बिलातून कापली गेली. ती पोरगी काही न बोलता पैसे घेऊन गेली, महिन्यानं सासूनं येऊन विचारलं. मला आजही ते लागतं. आता आमच्या सभासद तक्त्यात "स्थिती" असा खाना आहे: चालू, बंद, मयत, वारस नोंद. ओळ पुसली जात नाही. सहकार कायद्याखालचं आय नमुन्यातलं सभासद रजिस्टर आपण ठेवतोच, त्यातला क्रमांक आणि कॉम्प्युटरमधला क्रमांक एकच ठेवा. लेखापरीक्षणाच्या वेळी निम्मा त्रास वाचतो.

दर कधीही खोडू नका

ही चूक मी जवळजवळ प्रत्येक छोट्या संस्थेत पाहिली. संघाकडून नवं दरपत्रक येतं. गाईचा दर ३.५ फॅट, ८.५ एसएनएफला धरून ठरतो, म्हशीचा ६ आणि ९ ला धरून, आणि पुढे पॉइंटागणिक चढ-उतार. सचिव जुने आकडे खोडून नवे भरतो. झालं! मागच्या महिन्याचं बिल पुन्हा छापलं की ते नव्या दरानं छापलं जातं, आणि उत्पादकाच्या हातातल्या पावतीशी जुळत नाही. भांडण होतं, आणि त्यात उत्पादक बरोबर असतो.

दरपत्रकात "लागू दिनांक" हा खाना घाला. नवा दर आला की नवी ओळ. शिवाय त्या दिवशी लागलेला दर संकलनाच्या ओळीतही लिहून ठेवा. शिकलेली मुलं म्हणतील की एकच गोष्ट दोनदा कशाला. पण दिलेली पावती हा दिलेला शब्द आहे, तो नंतर हिशेब करून बदलता येत नाही.

एक्सेल वापरत असाल तर

सुरुवातीला एक्सेल किंवा फुकट मिळणारं लिब्रेऑफिस पुरतं. पण रोजच्या ४८० ओळी धरल्या तर जुन्या एक्सएलएस फाइलचं पान साडेचार महिन्यांत भरतं, कारण त्यात ६५,५३६ च ओळी बसतात. २०२० मध्ये इंग्लंडमध्ये कोरोनाच्या जवळपास १६ हजार रुग्णांच्या नोंदी याच मर्यादेमुळे वेळेवर पुढे गेल्या नव्हत्या. एक्सएलएसएक्समध्ये १०,४८,५७६ ओळी बसतात, तरी दोनेक वर्षांत खऱ्या डेटाबेसवर, म्हणजे असे जोडलेले तक्ते सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरवर, जायची तयारी ठेवा.

बँक खात्याचा खाना आकडे भरायच्या आधी "मजकूर" म्हणून ठरवा. एक्सेल १५ अंकांपर्यंतच आकडा नेमका धरतो. सोळा अंकी खातं संख्या म्हणून टाइप केलं तर शेवटच्या अंकाचं शून्य होतं, आणि पडद्यावर चटकन कळतही नाही. मी तो खाना आधी ठरवला नाही, आणि पहिल्याच ऑनलाइन बिलाला कितीतरी जणींचे पैसे बँकेतून परत आले. आयएफएससीचे अक्षर-अंक मिळून अकरा असतात, त्यातलं पाचवं शून्य असतं. तिथं इंग्रजी ओ पडलाय का, तेही बघा.

आणि नावं युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही मशिनवर मराठी मराठीच दिसेल अशा पद्धतीनं, टाइप करा. जुन्या फाँटमध्ये टाइप केलेलं "पाटील" हे आतून इंग्रजी अक्षरांचं कडबोळं असतं. फाँट नसलेल्या मशिनवर ते वाचता येत नाही, शोधूनही सापडत नाही. आम्हाला सगळी नावं पुन्हा टाइप करावी लागली. तेव्हा घरोघर जाऊन प्रत्येकीला आपलं नाव कसं लिहायचं ते विचारलं. सुर्यवंशी की सूर्यवंशी, हे तिनंच सांगावं.

चुका अडवा, पण माणसाला अडवू नका

४.६ च्या जागी ६.४ पडणं रोजचं आहे. फॅट मशीन आणि वजनकाटा थेट कॉम्प्युटरला जोडता आला तर उत्तम. नाही तर मर्यादा घाला: गाईच्या दुधाला ६ च्या वर फॅट टाकलं की पडद्यावर सूचना यावी. सूचनाच, मनाई नको, कारण नुकत्याच व्यायलेल्या जनावराच्या दुधाचे आकडे वेगळे येतात. तसंच "एका सभासदाची एका वेळेला एकच नोंद" असाही नियम घालू नका. तीन म्हशी असलेली बाई दोन कॅन आणते. म्हणून आमच्याकडे प्रत्येक ओळीची ओळख पावती क्रमांकावरून.

नोंद चुकली तर ती पुसायची नाही. वहीत आपण एक रेघ मारून शेजारी सही करायचो, कॉम्प्युटरवरही तेच: चुकीची ओळ राहू द्या, तिचे आकडे वजा करणारी उलटी नोंद करा, खाली बरोबर आकड्यांची नवी. कुणी, कधी, का बदललं याचे तीन खाने ठेवा. प्रत्येकाला वेगळा पासवर्ड द्या. आमच्याकडे आधी एकच पासवर्ड कॅलेंडरवर लिहिलेला असायचा. आधार आणि खाते क्रमांक असलेली यादी नोटीस बोर्डावर लावू नका, बिलाच्या यादीला सभासद क्रमांक आणि रक्कम पुरते.

सॉफ्टवेअर विकत घेणार असाल तर पैसे देण्याआधी विक्रेत्याला समोर बसवून सांगा: आमचा सगळा डेटा आत्ता सीएसव्ही फायलीत, म्हणजे एक्सेलमध्येही उघडते अशा साध्या मजकुराच्या फायलीत, काढून दाखवा. एका विक्रेत्यानं आमचा फोन उचलणं बंद केलं तेव्हा दोन वर्षांचा हिशेब त्याच्या कुलपात अडकला होता.

वही लगेच बंद करू नका. दोन महिने, म्हणजे सहा बिलं, दोन्ही चालवा. रोज रात्री तीन आकडे जुळवा: वहीची बेरीज, कॉम्प्युटरची बेरीज आणि टँकरमध्ये गेलेले लिटर.

प्रती

तीन प्रती ठेवा: कॉम्प्युटरवर एक, पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर एक, आणि एक गावाबाहेर. गावाबाहेर म्हणजे नदीच्या पाण्याबाहेर. वरच्या आळीतली प्रत आमच्याकडे गावाबाहेरची धरत नाही, कारण २०२१ च्या जुलैमध्ये पाणी पुन्हा आलंच.

पण नुसती प्रत काढून भागत नाही, ती उघडते का ते बघावं लागतं. आमची तिसरी प्रत विट्याला माझ्या मुलीकडे जाते. तिकडं कृष्णेचं पाणी पोचत नाही. दर महिन्याच्या १, ११ आणि २१ तारखेला, बिल निघालं की मी तिला फाइल पाठवते. ती तिच्या मशिनवर फाइल उघडते, २१७ नंबरचं दहा दिवसांचं दूध काढते आणि तो आकडा मला फोनवर सांगते. मी समोर मावशीचं कार्ड धरून बसलेली असते.