मनाला विचारायचे प्रश्न : रोजच्या निर्णयांत या चुका टाळा

कापूस वेचणीचे दिवस होते. सांजेला काटा झाला, गाठोडी मोजून झाली, तेव्हा वेचणाऱ्या बायांपैकी एकीनं विचारलं, "दादा, उद्या बजार हाय. आज पैसे देता का?" व्यापाऱ्याचा चुकारा आला की देतो, असं मी म्हणालो. घरात पैसे होते, पण ते चर्चमधल्या उपकारस्तुतीच्या दानासाठी बाजूला काढलेले. आणि त्याच रात्री गुडघे टेकून मी विचारत होतो, "प्रभू, माझ्यासाठी तुझी इच्छा काय?"

देवानं आधीच सांगून ठेवलेलं पुन्हा विचारत बसणं, ही माझ्या मते सगळ्यात मोठी चूक. मजुराची मजुरी सकाळपर्यंत ठेवून घेऊ नको, असं बायबलमधलं लेवीय १९:१३ सांगतं. सूर्य मावळायच्या आत दे, कारण तो गरीब आहे, असं अनुवाद २४:१५ मध्ये आहे. याकोब तर आपल्या पत्रात म्हणतो, शेत कापणाऱ्यांची अडवलेली मजुरी ओरडते आहे. त्या रात्री मी एवढंच विचारायला हवं होतं : आज कोणाचं देणं माझ्याकडे राहिलंय?

याच चुकीचं दुसरं रूप म्हणजे गिदोनाची लोकर. इस्राएलाच्या या पुढाऱ्यानं खळ्यात लोकर ठेवून, तिच्यावर दव पडतं की नाही यावरून देवाकडे खूण मागितली होती. ट्रॅक्टरचं कर्ज मंजूर झालं तर देवाची इच्छा, नाही झालं तर नाही, असं आपल्याकडे पुष्कळ जण धरून चालतात. शास्ते ६ वा अध्याय सावकाश वाचा. गिदोनाला आज्ञा १४ व्या वचनातच मिळाली होती, लोकर येते ३६ व्या वचनानंतर. निर्णय कसा घ्यावा हे ती लोकर शिकवत नाही, घाबरलेल्या माणसाला देवानं किती सांभाळून घेतलं ते दाखवते. कर्ज काढायचं तर बुरूज बांधणाऱ्यासारखं (लूक १४:२८) आधी बसून खर्चाचा हिशोब करा. हप्ता कोणत्या पिकावर फिटणार? पीक बुडालं तर?

दुसरी चूक "यात पाप काय?" असं विचारण्याची. पोळ्याला शेजारून पुरणपोळी येते आणि घरात वाद सुरू होतो : नैवेद्याची असेल तर खावी का? करिंथातल्या ख्रिस्ती मंडळीपुढे हाच पेच होता. मोकळीक आहे, पण सगळंच हितकारक नसतं, सगळ्यानंच उन्नती होत नाही, असं प्रेषित पौलानं त्यांना लिहिलं (१ करिंथ १०:२३). पुढे तो म्हणतो, समोर वाढलेलं चौकशी न करता खा. मात्र हे मूर्तीला वाहिलेलं आहे असं कोणी सांगितलं, तर त्याच्या विवेकासाठी थांबा. म्हणून ताटापेक्षा शेजारी बसलेल्या माणसाकडे बघा. तुमच्या खाण्यानं नवा विश्वासी अडखळेल का? तुमच्या नकारानं शेजारीण दुखावेल का? उत्तर घरागणिक वेगळं येईल, येऊ द्या.

तिसरी चूक फार जीव खाते. २०१७ ला गुलाबी बोंडअळीनं विदर्भातल्या कपाशीची नासाडी केली, तेव्हा किती तरी जण स्वतःलाच विचारत होते, "माझं कोणतं पाप भोवलं?" जन्मांध माणसाकडे बघून येशूच्या शिष्यांनीही विचारलं होतं, पाप कोणाचं, याचं की आईबापांचं? येशूनं दोन्ही नाकारलं, चिखल केला आणि त्याच्या डोळ्यांना लावला (योहान ९). बोंडअळीपुढे प्रामाणिक प्रश्न असे असतात : मी फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही कपाशी उभी ठेवून जादा पीक, घेतली होती का? पऱ्हाट्या (कपाशीची वाळकी झाडं) वेळेवर उपटल्या का? अळीचे नर पतंग पकडणारे कामगंध सापळे लावले का? आणि नुकसान सोसवत नसेल तर आज रात्री कोणाशी बोलू? हा शेवटचा सगळ्यात आधी विचारा. पाळकांकडे जा, भावाला उठवा, एकटे बसू नका.

दिवसाची झडती घ्यायला बसलं की मन आरोपीच्या पिंजऱ्यातच उभं राहतं. सोळाव्या शतकात संत इग्नेशियस लोयोला यांनी आत्मपरीक्षणाची जी रीत घालून दिली, तिची सुरुवात उपकार मानण्यापासून होते, चुका नंतर. हा क्रम मोडू नका. मन दोषी ठरवत असलं तरी देव मनापेक्षा थोर आहे, हे १ योहान ३:२० तेव्हाच वाचावं.

दुसऱ्यासाठी प्रश्न काढायची सवयही सोडा. पेत्रानं योहानाबद्दल विचारलं, तर येशूकडून उत्तर मिळालं, "त्याचे तुला काय? तू माझ्यामागे ये."

त्या बाईचे पैसे मी पहाटेच नेऊन दिले. ती पिशवी घेऊन बाजाराला निघालीच होती. आता वेचणीच्या दिवसांत काटा लावायच्या आधीच सुटे पैसे खिशात आणून ठेवतो.