स्नूकरची कोडी कशी रचावी आणि कशी सोडवावी

स्नूकरच्या चाहत्यांत बसलात की "सर्वात मोठा ब्रेक (एकाच पाळीत सलग मिळवलेले गुण) किती?" हा प्रश्न कधी ना कधी निघतोच. कुणीतरी "१४७" म्हणतं आणि विषय तिथेच संपतो. ज्याला आकडा पाठ आहे तो बोलला, ज्याला नाही तो गप्प राहिला. आता तोच प्रश्न जरा फिरवून विचारा: १४७ च्या ब्रेकमध्ये एकूण किती बॉल पॉट होतात, म्हणजे पॉकेटमध्ये जातात? आता मंडळी बोटं मोजायला लागतात. पंधरा लाल, प्रत्येक लालनंतर काळा (लाल संपेपर्यंत तो दर वेळी परत टेबलावर ठेवतात) म्हणजे आणखी पंधरा, आणि शेवटी पिवळ्यापासून काळ्यापर्यंत सहा रंग. एकूण ३६. हा आकडा कुणाला पाठ नसतो, पण टेबल डोळ्यांसमोर आणलं की कुणालाही काढता येतो. स्नूकरचा चांगला प्रश्न असाच असावा, असं माझं ठाम मत आहे. तसे प्रश्न रचायचे कसे, आणि दुसऱ्याने टाकलेले सोडवायचे कसे, ते पुढे क्रमाने सांगतो.

पायरी १: गुणांचा हिशेब तोंडपाठ करा

पाठांतर करायचंच असेल तर एवढंच करा. लाल १, पिवळा २, हिरवा ३, तपकिरी ४, निळा ५, गुलाबी ६, काळा ७. सहा रंगांची बेरीज २७. प्रत्येक लालसोबत जास्तीत जास्त काळा मिळतो, म्हणजे एका लालमागे ८ गुण. टेबलावर जितके लाल असतील त्यांना आठने गुणा आणि त्यात २७ मिळवा, की टेबलावर जास्तीत जास्त किती गुण शिल्लक आहेत ते कळतं. पंधरा लाल असतील तर १२० अधिक २७, म्हणजे आपला १४७.

यात एक जागा अशी आहे जिथे सरावलेले लोकही चुकतात. खेळाडूने नुकताच लाल पॉट केला असेल आणि रंग अजून खेळायचा असेल, तर त्या रंगाचे ७ वेगळे धरावे लागतात. टेबलावर ५ लाल दिसतात म्हणून शिल्लक ६७ म्हणाल तर चूक होईल, कारण रंगाची पाळी बाकी असताना ते ७४ होतात. प्रश्न रचणाऱ्याने ही जागा लक्षात ठेवावी, आणि सोडवणाऱ्याने तर ठेवावीच.

पायरी २: कोडं ऐकलं की आधी स्थिती लिहून काढा

किती लाल आहेत, आता कोणत्या बॉलवर खेळायचं आहे, गुण किती आणि पाळी कुणाची, या चार गोष्टी कागदावर उतरवल्याशिवाय उत्तराकडे वळू नका. एक उदाहरण घेऊ.

टेबलावर ३ लाल आणि सगळे रंग आहेत. तुम्ही ५५ गुणांनी मागे आहात, पाळी तुमची आहे आणि लाल खेळायचा आहे. फ्रेम (सामन्यातला एक डाव) हातात राहण्यासाठी प्रतिस्पर्ध्याकडून किती फाउल (नियमभंग, ज्याच्या दंडाचे गुण तुम्हाला मिळतात) हवेत?

शिल्लक आहेत २४ अधिक २७, म्हणजे ५१. सगळं टेबल साफ केलं तरी ४ गुण कमी पडतात. सर्वात लहान फाउल ४ गुणांचा असतो, म्हणून बहुतेक जण "एक" म्हणून मोकळे होतात. पण चारच गुण मिळाले तर तुम्ही फक्त बरोबरी साधाल. मग काळा पुन्हा स्पॉटवर (टेबलावरच्या त्याच्या ठरलेल्या जागी) ठेवला जाईल, कोणी आधी खेळायचं ते टॉसवर ठरेल आणि तो एक काळा फ्रेमचा निकाल लावेल. प्रतिस्पर्ध्याचा क्यू बॉल (ज्याने मारायचं तो पांढरा बॉल) आधी निळ्याला लागला असेल तर दंड ५ गुणांचा, आणि मग तुम्ही एका गुणाने जिंकू शकता. त्याहून गंमत म्हणजे, फाउलनंतर तुम्ही स्नूकरमध्ये अडकला असाल (खेळायच्या बॉलकडे सरळ वाट नसेल) आणि पंचांनी फ्री बॉल दिला (दुसरा बॉल लाल समजून खेळायची मुभा दिली), तर तो एक जादा लाल असल्यासारखा मोजला जातो. शिल्लक गुणांत आणखी ८ ची भर पडून ते ५९ होतात. मग ४ गुणांचा एकच फाउलही जिंकायला पुरतो.

एकाच स्थितीतून तीन उत्तरं निघाली. म्हणून प्रश्न विचारताना "बरोबरीसाठी" की "जिंकण्यासाठी" हे स्पष्ट सांगा, आणि फ्री बॉल धरायचा की नाही तेही सांगा. ते न सांगता प्रश्न टाकला तर वाद होतो, आणि वाद घालणारे सगळेच बरोबर असतात.

पायरी ३: सोप्या आकड्यामागचं अवघड शोधा

माझं सर्वात आवडतं कोडं शतकाचं आहे. फ्री बॉल नाही असं धरून, शंभर गुणांच्या ब्रेकसाठी कमीत कमी किती बॉल पॉट करावे लागतात?

पहिला विचार सगळ्यांचा सारखाच असतो. लाल आणि काळ्याची जोडी ८ गुणांची, तर बारा जोड्यांचे ९६. तेरावा लाल ९७, तेरावा काळा १०४. म्हणजे २६ बॉल. उत्तर पटतं, मंडळी पुढच्या प्रश्नाकडे वळू लागतात. तिथे त्यांना थांबवा आणि सांगा की याहून कमी बॉलमध्ये जमतं.

कसं ते पाहा. ब्रेक पंधरा लालांपासूनच सुरू व्हायला हवा अशी अट कुठे आहे? आधीच्या खेळात पाच लाल गेलेले असू शकतात. तुम्ही टेबलाशी आलात तेव्हा १० लाल उरलेत. दहा लाल आणि दहा काळे म्हणजे ८० गुण, २० बॉल. आता रंग क्रमाने: पिवळा ८२, हिरवा ८५, तपकिरी ८९, निळा ९४, गुलाबी १००. एकूण २५ बॉल आणि बरोबर शंभर, तेही काळा टेबलावर शिल्लक असताना.

मग २४ बॉलमध्ये? ९ लाल उरलेले असताना आलात, सगळे काळे घेतले आणि टेबल पूर्ण साफ केलं, तर ७२ अधिक २७ म्हणजे ९९. जोड्या आणि रंगांची दुसरी कुठलीही वाटणी करून पाहा, २४ बॉलमध्ये याहून जास्त गुण होत नाहीत. एका गुणाने शतक हुकतं. मला हे कोडं इतकं आवडण्याचं कारण हेच, की त्याचं उत्तर आकड्यांनी सिद्ध होतं आणि सिद्ध होताना खेळाचा क्रमही पक्का समजतो.

इथे शब्दांचीही काळजी घ्या. "किती बॉल पॉट" असंच विचारा, "किती शॉट" असं विचारू नका. एका शॉटमध्ये दोन लाल गेले तर दोन्हींचे गुण मिळतात. दोन लाल आणि मग काळा म्हणजे दोन शॉटमध्ये ९ गुण, आणि सगळा हिशेब कोसळतो. एका शब्दाने कोडं बिघडतं ते असं.

पायरी ४: नियमांचे प्रश्न स्थितीसकट मांडा

"रंगाचा स्पॉट अडलेला असेल तर तो कुठे ठेवतात?" असा कोरडा प्रश्न विचारण्यापेक्षा चित्र उभं करा. काळा पॉट झाला आहे. एक लाल नेमका काळ्याच्या स्पॉटवर येऊन थांबला आहे. बाकीचे पाचही रंग आपापल्या स्पॉटवर आहेत. पंच काळा कुठे ठेवतील?

नियम असा की स्वतःचा स्पॉट अडलेला असेल तर रंग सर्वात जास्त गुणांच्या मोकळ्या स्पॉटवर जातो. इथे एकही मोकळा नाही. मग तो स्वतःच्या स्पॉटच्या शक्य तितक्या जवळ, त्या स्पॉटपासून टॉप कुशनकडे (टेबलाच्या काळ्याच्या बाजूच्या टोकाच्या कडेकडे) जाणाऱ्या सरळ रेषेत ठेवतात. आता फक्त एक बदल करा: गुलाबी जागेवरून हलला आहे आणि त्याचा स्पॉट रिकामा आहे. लगेच उत्तर बदलतं, काळा गुलाबीच्या स्पॉटवर जातो. एकाच चित्रातून दोन प्रश्न मिळाले. दुसऱ्यात उत्तर देणाऱ्याला पहिल्याचाच आधार मिळतो, म्हणून हे दोन लागोपाठ विचारावेत.

फाउलच्या प्रश्नांना फार वेळ लागत नाही. लालवर खेळताना क्यू बॉल आधी हिरव्याला लागला तर दंड किती? हिरवा ३ चा आहे, पण दंड ४ पेक्षा कमी नसतो, म्हणून ४. क्यू बॉल आधी निळ्याला लागला आणि त्याच शॉटमध्ये काळा पॉकेटमध्ये गेला तर? पाच आणि सात मिळून बारा होत नाहीत. दोन्हींतला मोठा आकडा घ्यायचा, म्हणजे ७.

पायरी ५: इतिहास विचारताना अट नेमकी सांगा

"पहिला १४७ कोणी केला?" हा प्रश्न मी कधीच असा उघडा विचारणार नाही. अधिकृतपणे मान्य झालेला पहिला १४७ जो डेव्हिस या खेळाडूचा, १९५५ चा. टीव्हीवर दिसलेला पहिला स्टीव्ह डेव्हिसचा, १९८२ चा. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेतला पहिला क्लिफ थॉर्बर्नचा, १९८३ चा. "डेव्हिस" एवढंच उत्तर आलं तर आणखी पंचाईत, कारण हे दोघे डेव्हिस एकमेकांचे नातेवाईकही नाहीत. जॉन स्पेन्सरने १९७९ मध्ये स्पर्धेत १४७ केला होता, पण तेव्हा कॅमेरे चालू नव्हते. पुढे १९८२ मध्ये स्टीव्ह डेव्हिसने कॅमेऱ्यासमोर १४७ केला तेव्हा प्रतिस्पर्धी म्हणून खुर्चीत बसला होता तो हाच स्पेन्सर. हा तपशील उत्तरासोबत जरूर सांगा. नुसत्या सालापेक्षा तो जास्त लक्षात राहतो.

इतिहासाचा प्रश्नही तर्काने सुटेल असा करता येतो. स्नूकरची सुरुवात १८७५ मध्ये जबलपूरला झाली आणि तिचं श्रेय नेव्हिल चेंबरलेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याला दिलं जातं. पुढे ब्रिटनचा पंतप्रधान झालेला नेव्हिल चेंबरलेन तो हाच का? सोडवणाऱ्याला एवढंच सांगा की पंतप्रधानाचा जन्म १८६९ चा. सहा वर्षांचं पोर सैन्यात अधिकारी कसं असेल, हे मग त्यालाच सुचतं.

"सध्या सर्वाधिक", "आजवर सर्वात तरुण" असे प्रश्न संचात घेऊच नका, किंवा घेतलेच तर "अमुक सालापर्यंत" अशी मर्यादा घाला. विक्रम मोडत राहतात. "क्रूसिबल थिएटरमधलं पहिलं जागतिक अजिंक्यपद कोणी जिंकलं?" या प्रश्नाचं उत्तर मात्र कधीच बदलणार नाही: १९७७, जॉन स्पेन्सर.

पायरी ६: गाजलेल्या सामन्यातून कोडं काढा

इतिहास आणि हिशेब एकत्र आले की प्रश्नाची रंगत वाढते. १९८५ च्या जागतिक अंतिम सामन्यात डेनिस टेलर आणि स्टीव्ह डेव्हिस १७-१७ वर होते. पस्तिसावी फ्रेम, मध्यरात्र उलटून गेलेली, आणि ब्रिटनमध्ये सुमारे १ कोटी ८५ लाख लोक टीव्हीसमोर. डेव्हिस ६२, टेलर ४४. टेबलावर तपकिरी, निळा, गुलाबी आणि काळा एवढेच उरलेले. आता विचारा: फाउलची मदत नसेल तर टेलरला यातला एखादा बॉल गमावणं परवडलं असतं का?

शिल्लक २२, फरक १८. चार गुण हाताशी आहेत असं वाटतं, आणि सर्वात स्वस्त तपकिरीही नेमका चारचाच. मग तो डेव्हिसने घेतला असता तर? डेव्हिस ६६ वर गेला असता आणि टेलर उरलेले तिन्ही घेऊनही ६२ वरच थांबला असता. म्हणजे एकही गमावणं परवडणारं नव्हतं. टेलरने चारही घेतले, शेवटचा काळा पॉट केला आणि फ्रेम ६६-६२ अशी जिंकली. त्या संपूर्ण सामन्यात तो पहिल्यांदा पुढे गेला तो त्या शेवटच्या काळ्यावर. सुरुवातीला तो ०-८ असा मागे होता, हे उत्तर देऊन झाल्यावर सांगा.

पायरी ७: संच लावा आणि करून पाहा

पहिले एक-दोन प्रश्न सगळ्यांना येतील असे ठेवा, शतकासारखं कोडं मध्यावर टाका. तिथे मंडळी सर्वात जास्त वेळ रमतात. कागद-पेन्सिल समोर असू द्या. प्रत्येक उत्तराचा हिशेब तुम्ही आधी स्वतः मांडून पाहिलेला असावा, कारण कोणीतरी तो विचारणारच. सरावासाठी ही तीन घ्या.

फक्त काळा उरला आहे, तुम्ही ७ ने मागे आहात आणि तो पॉट केलात. फ्रेम कोणाची?

एकाच पाळीत पंधरा लाल आणि सहा रंग, असं पूर्ण टेबल साफ करताना सैद्धांतिकदृष्ट्या कमीत कमी किती गुण होऊ शकतात?

जेमी बर्नेटने २००४ मध्ये यूके चॅम्पियनशिपच्या पात्रता फेरीत १४८ चा ब्रेक केला. तो कसा शक्य झाला, आणि त्या मार्गाने जास्तीत जास्त किती गुण होऊ शकतात?

उत्तरं: पहिल्यात अजून कोणाचीच नाही, गुण बरोबरीत आले, काळा पुन्हा स्पॉटवर ठेवला जाईल. दुसऱ्यात ४४: पंधराही लाल एकाच शॉटमध्ये गेले असं धरा, मग एक पिवळा, मग सहा रंगांचे २७. तिसऱ्यात, एकही लाल गेलेला नसताना प्रतिस्पर्ध्याने फाउल केला आणि फ्री बॉल मिळाला, तर तो सोळाव्या लालसारखा मोजतात. १ अधिक काळ्याचे ७, आणि त्यापुढे पूर्ण १४७: एकूण १५५.