दारू सोडायचीय, एएच्या (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस) मीटिंगला जायचंय पण कसं? बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्या लोकांसाठी

सगळ्यात आधी एक गोष्ट, ती वाचल्याशिवाय पुढं जाऊ नका. सकाळी उठल्या उठल्या हात थरथरतात, एक घोट घेतल्याशिवाय चहाचा कप धरता येत नाही अशी अवस्था असेल तर "उद्यापासून बंद" म्हणून एकदम सोडू नका. पहिल्या दोन दिवसात फिट येऊ शकते, दोन-चार दिवसात भ्रम होतो, नाही ते दिसायला लागतं, आणि यात माणूस जातोसुद्धा. आधी डॉक्टर गाठा, बेळगावच्या सिव्हिलला म्हणजे बिम्समध्ये मानसोपचार विभाग आहे, धारवाडला डिमहान्स हे मानसिक आजारांचं सरकारी हॉस्पिटल आहे, तिथं खरं किती पिता ते सांगा, कमी करून सांगू नका कारण औषधाचा डोस त्यावरच ठरतो. आणि घरच्यांनी भाजीत गुपचूप गोळी मिसळायचं काम करू नये, ती दारू सोडवायची गोळी, डायसल्फिराम, पोटात असताना दारू गेली तर जीवावर बेतू शकतं, ती गोळी पेशंटला सांगूनच आणि डॉक्टरांनीच द्यायची असते.

आता मीटिंग. एए म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, 1935 साली अमेरिकेत अॅक्रन गावात दोन दारुड्यांनी, एक शेअर बाजारातला आणि एक डॉक्टर, एकमेकांशी बोलून बोलून सुरू केलेलं. आजही तेवढंच आहे, पिणारा माणूस पिणाऱ्याशी बोलतो. फी नाही, फॉर्म नाही, आधार कार्ड नाही, दारू सोडायची इच्छा पाहिजे बास.

शोधायचं कसं तर एए इंडियाच्या वेबसाईटवर शहर टाकून बघा, हेल्पलाईनला फोन करा, आणि फक्त बेळगाव टाकून थांबू नका, कोल्हापूर, गडहिंग्लज, धारवाड, हुबळी सगळं बघा. निपाणीच्या माणसाला कोल्हापूर एसटीनं तासाभराचं आहे, खानापूरवाल्याला बेळगाव त्याहून जवळ. जायच्या आधी फोन करून वार आणि वेळ विचारा, कारण हॉल बदलतात आणि नेटवरची माहिती जुनी राहते. मीटिंग ओपन का क्लोज्ड तेही विचारा, ओपनला घरचं माणूस सोबत चालतं, क्लोज्डला फक्त ज्यांना स्वतःची दारू सोडायचीय तेच. भाषा पण विचारा, आपल्याकडं एकाच खोलीत कोण कन्नडमध्ये बोलतं कोण मराठीत कोण हिंदीत, समजतं सगळं. अगदीच जवळ काही नसेल तर झूमवर मराठी मीटिंगा असतात. नंबर कुठलाच मिळेना तर 14446 नशामुक्तीची हेल्पलाईन आहे, मन फारच बिघडलं असेल तर 14416 टेलिमानस, मानसिक त्रासासाठीची सरकारी हेल्पलाईन, तिथं मराठीत आणि कन्नडमध्ये पण बोलतात, पैसे लागत नाहीत. खेड्यात असाल तर धर्मस्थळ संस्थेची मद्यवर्जन शिबिरं होतात आणि नंतर गावातच दारू सोडलेल्यांची नवजीवन समिती चालते, तीही एक वाट आहे, ग्रामपंचायतीत विचारा.

हॉल बऱ्याचदा चर्चच्या किंवा शाळेच्या आवारात असतो. चर्च बघून आमचे लोक दारातनं परत जातात, धर्म बदलायला लावतील म्हणून. तसं काही नाही, ती नुसती जागा आहे. देवाचा उल्लेख होतो पण "तुम्हाला समजेल तसा देव", कुणाचा पांडुरंग असतो, कुणाचा तो ग्रुपच असतो. आणि माळ घातलेली असली तरी मीटिंगला या, माळ घालून सुटलेले आहेत तसे माळ काढून ठेवून प्यायलेले पण मी बघितलेत.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा बाहेर स्कूटर चालूच ठेवून पंधरा मिनिटं उभा राहिलो आणि घरी गेलो. गल्लीतला कोण भेटला तर? पुढच्या आठवड्यात आत गेलो आणि भेटलाच, मागच्या गल्लीतला. त्यानं नुसती शेजारची खुर्ची सरकवली. अहो, गटारीच्या कडेला पडलेलं सगळ्या गल्लीनं बघितलेलंच असतं की, आणि मीटिंगमधला माणूस तुमच्यासारखाच तिथं आलाय, तिथलं तिथंच ठेवायचं हा नियम त्यालाही आहे.

आत काय होतं? तासभर, दीड तास. कोणतरी वाचतं, मग एकेक जण "मी अमुक, मी अल्कोहोलिक" म्हणून आपली गोष्ट सांगतो. मध्ये कोण बोलत नाही, सल्ला देत नाही. तुम्हाला बोलायचं नसेल तर "आज नुसतं ऐकतो" म्हणा, चालतंय. शेवटी पिशवी फिरते, नवीन माणसानं टाकायलाच पाहिजे असं नाही. पिऊन गेलात तरी कोण हाकलत नाही, फक्त त्या दिवशी ऐकत बसा.

एका मीटिंगवर ठरवू नका. पहिली मला रटाळ वाटली होती, सगळे म्हातारे. सहा तरी करा, वेगवेगळ्या ग्रुपला. पुढं एखादा जुना माणूस स्पॉन्सर म्हणून धरा, जो तुम्हाला एएच्या दारू सोडायच्या बारा पायऱ्या समजावतो आणि रात्री फोन उचलतो. मध्ये घसरलात तर लाजून घरी बसू नका, दुसऱ्या दिवशीच जा.

बायकोला, आईला, मोठ्या झालेल्या पोरांना अल-अनॉन आहे, म्हणजे पिणाऱ्याच्या घरच्यांच्या अशाच मीटिंगा, नवरा पीत असला तरी त्या जाऊ शकतात, त्याच्या सुटण्याची वाट बघायची गरज नाही. माझ्या बायकोनं हे उशिरा ऐकलं, चार वर्षं एकटीनं काढली तिनं.

आणि पहिल्याच मीटिंगमध्ये तीन जणांचे फोन नंबर घ्या, कागदावर लिहून पाकिटात ठेवा. पगाराचा दिवस, गावची जत्रा, गणपतीची मिरवणूक, मित्राची गोव्याची गाडी, या चार वेळी ग्लास हातात यायच्या आधी त्यातला एक लावा. नाही उचलला तर दुसरा.