कम्युनिटी कॉलेजात नव्याने शिकवायला लागलात? निर्णय कुठे होतात ते आधी समजून घ्या

कॅलिफोर्नियात आपली बरीच मंडळी कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात, शिकवायला लागलीत. कुणी पुण्या-नागपूरला कॉलेजात लेक्चरर होतं, कुणी आयटी सोडून इकडे वळलंय, आणि २०१५ पासून ठराविक एच-फोर (एच-१बी वाल्यांच्या जोडीदारांचा व्हिसा) वाल्यांना वर्क परमिट मिळायला लागल्यावर एमएस्सी, एमकॉम झालेल्या कितीतरी जणी मॅथ्स नाहीतर अकाउंटिंगचे एक-दोन सेक्शन घेतायत. शिकवायचं कसं, कॅनव्हास (कोर्सची ऑनलाइन सिस्टीम) कसं वापरायचं, ग्रेडिंग कसं करायचं हे सांगणारे भरपूर भेटतील, त्यात मी पडत नाही. मला सांगायचंय ते हे, की इथे कॉलेज चालवण्यात शिक्षकांचा वाटा कायद्याने ठरवून दिलाय, तो शोभेचा नाहीये, आणि आपली माणसं तो घेतच नाहीत. शिकवण्यात आपण कुठेच कमी नाही, पण निर्णयाच्या खोलीत आपण दिसत नाही, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं.

कारण समजण्यासारखं आहे. आपल्याकडे संलग्न कॉलेजात शिकवलेलं असेल तर सिलॅबस अभ्यास मंडळ करतं, विद्या परिषद मंजूर करते, पेपर विद्यापीठ काढतं, आपण शिकवायचं. प्राचार्य म्हणतील तसं, आणि त्यांच्या वर संस्थाचालक. त्यामुळे "वरून आलंय" म्हटलं की विषय संपला अशी सवय लागलेली असते. इथे डीनचा मेल आला की आपण तसंच समजतो. पण इथे बऱ्याच गोष्टी वरून येतच नाहीत, येऊ शकत नाहीत.

थोडक्यात रचना सांगते. राज्यात ११६ कम्युनिटी कॉलेजं आहेत, ७३ डिस्ट्रिक्टमध्ये वाटलेली. जवळजवळ प्रत्येक डिस्ट्रिक्टचं बोर्ड ऑफ ट्रस्टीज लोकांनी निवडून दिलेलं असतं, म्हणजे तुमच्या गावातल्या मतपत्रिकेवर त्यांची नावं असतात. बोर्ड चॅन्सलर नेमतं (एकच कॉलेज असेल तिथे सुपरिंटेंडंट-प्रेसिडेंट), मग कॉलेजचा प्रेसिडेंट, व्हाइस प्रेसिडेंट, डीन. ही झाली अॅडमिनिस्ट्रेशनची बाजू. दुसऱ्या बाजूला शिक्षकांच्या दोन वेगळ्या संस्था आहेत, शैक्षणिक बाबी बघणारी अकॅडमिक सेनेट आणि पगार-करार बघणारी युनियन, आणि नवीन माणूस सगळ्यात जास्त गोंधळतो तो इथे.

सेनेटचं बळ येतं १९८८ च्या एबी (असेंब्ली बिल) १७२५ या कायद्यातून. त्याआधी ही कॉलेजं बरीचशी शाळांच्या डिस्ट्रिक्टसारखीच चालवली जायची, या कायद्याने त्यांना उच्च शिक्षणाचा भाग म्हणून वागवायला सुरुवात केली आणि शैक्षणिक बाबतीत सेनेटशी सल्लामसलत करणं बोर्डावर बंधनकारक केलं. त्याचे नियम राज्याच्या टायटल फाइव्हमध्ये (शिक्षणाच्या नियमावलीत) आहेत, कलम ५३२०० पासून पुढे, आणि तिथली जी यादी आहे तिला सगळे "टेन प्लस वन" म्हणतात. हा शब्द तुम्ही पहिल्याच आठवड्यात ऐकाल आणि कुणी समजावून सांगणार नाही. त्यात करिक्युलम आणि प्रीरिक्विझिट्स (एखाद्या कोर्सआधी पूर्ण करायचे कोर्स), डिग्री-सर्टिफिकेटच्या अटी, ग्रेडिंगची धोरणं, नवीन प्रोग्रॅम, विद्यार्थ्यांची तयारी आणि यश, अॅक्रेडिटेशनमध्ये (कॉलेजच्या मान्यतेत) शिक्षकांची भूमिका, प्रोफेशनल डेव्हलपमेंट, प्रोग्रॅम रिव्ह्यू कसा करायचा, प्लॅनिंग आणि बजेट ठरवायची पद्धत कशी असावी, गव्हर्नन्सच्या रचनेत शिक्षकांची जागा असे दहा विषय, आणि अकरावा म्हणजे बोर्ड आणि सेनेट दोघांनी मिळून ठरवलेलं आणखी काहीही. बजेटचं नीट वाचा हं, बजेटची प्रक्रिया सेनेटच्या अखत्यारीत आहे, कुठल्या डिपार्टमेंटला किती पैसे हा आकडा नाही. नवीन लोक इथे फसतात आणि सेनेटमध्ये जाऊन आपल्या लॅबसाठी पैसे मागत बसतात.

आता या अकरा गोष्टींत "सल्लामसलत" म्हणजे काय हेही कायद्यात आहे, आणि मला विचाराल तर सगळ्यात महत्त्वाचं तेच. दोन प्रकार आहेत. पहिल्यात बोर्ड मुख्यतः सेनेटच्याच सल्ल्यावर विसंबतं, म्हणजे सेनेटची शिफारस साधारणपणे मान्य करायची, आणि नाकारायची तर फक्त अपवादात्मक परिस्थितीत, सबळ कारण असेल तरच, आणि सेनेटने मागितलं तर ते कारण लेखी द्यावं लागतं. दुसऱ्यात दोघांची सहमती लागते, आणि सहमती झाली नाही तर जुनं धोरण चालू राहतं, फक्त त्याने कायदेशीर अडचण किंवा मोठा आर्थिक फटका बसणार असेल तरच बोर्ड एकट्याने पाऊल उचलू शकतं. कुठला विषय कुठल्या प्रकारात हे प्रत्येक डिस्ट्रिक्ट आपलं आपलं ठरवतं. बहुतेक ठिकाणी ते बोर्ड पॉलिसी २५१० मध्ये लिहिलेलं असतं, डिस्ट्रिक्टच्या साइटवर मिळतं, छोटंसंच असतं, ते आजच काढून वाचा. मीटिंगमध्ये कुणी "हे अॅडमिनिस्ट्रेशनचं काम आहे" म्हणालं की ते खरं आहे का हे तुम्हाला स्वतःला माहीत असलं पाहिजे.

युनियनचं दार वेगळं. पगार, कामाचे तास, क्लासची साइज, रजा, ऑफिस अवर्सचे पैसे, तक्रार म्हणजे ग्रीव्हन्स, हे सगळं करारात येतं, आणि त्या वाटाघाटीचा हक्क १९७५ च्या रॉड्डा अॅक्टमधून आलाय. काही गोष्टी दोन्हीकडे पाय ठेवून असतात. इव्हॅल्युएशनचंच बघा, ते कसं व्हायचं हे युनियन ठरवते वाटाघाटीत, पण त्याआधी तिने सेनेटशी बोलायचं असतं. २०१८ च्या सुप्रीम कोर्टाच्या जेनस निकालानंतर युनियनची फी न भरता राहता येतं, कराराचा फायदा तरीही मिळतो, म्हणून काहीजण मेंबर होत नाहीत. माझं स्पष्ट मत, मेंबर व्हा. कराराला हो-नाही म्हणायचं मत साधारणपणे मेंबर्सनाच असतं, आणि ज्या कागदावर आपला पगार ठरतो त्यावर मत नसणं बरोबर नाही.

आता प्रत्यक्ष काम कुठे होतं ते सांगते. करिक्युलम कमिटी. तुम्ही जो कोर्स शिकवता त्याचा एक अधिकृत दस्तऐवज असतो, कोर्स आउटलाइन ऑफ रेकॉर्ड, त्यात युनिट्स, तास, उद्दिष्टं, विषयाचे मुद्दे, प्रीरिक्विझिट सगळं असतं, आणि तो कोर्स शिकवणाऱ्या प्रत्येकावर तो बंधनकारक आहे, पार्ट-टाइमरवरही. हा कागद डीन लिहीत नाही, डिपार्टमेंटमधले शिक्षक लिहितात, मग कमिटीत फर्स्ट रीडिंग, सेकंड रीडिंग, मग बोर्ड. प्रीरिक्विझिट्स दर सहा वर्षांनी तपासावी लागतात, व्यवसाय शिक्षणाच्या कोर्सेसची दर दोन वर्षांनी. म्हणजे तुम्हाला वाटत असेल की या कोर्समध्ये अमुक टॉपिक जुना झालाय किंवा मुलं पुढच्या कोर्सला कच्ची जातायत, तर ते बदलायचा रस्ता आहे आणि तो तुमच्या डिपार्टमेंटच्या मीटिंगमधून सुरू होतो. बोलायचं असेल तर फर्स्ट रीडिंगला बोला. सेकंड रीडिंगला उठून मूलभूत शंका काढली तर लोक वैतागतात, आणि त्यांचं चुकत नाही, कारण तोपर्यंत आर्टिक्युलेशन ऑफिसरने यूसी-सीएसयूला (राज्याच्या दोन सरकारी विद्यापीठ-व्यवस्थांना) जाणाऱ्या ट्रान्सफरचं सगळं जुळवून ठेवलेलं असतं.

सगळंच काही कॉलेजच्या हातात उरलेलं नाही हेही सांगायला हवं. २०१७ च्या एबी ७०५ ने आणि नंतर २०२२ च्या एबी १७०५ ने मॅथ्स-इंग्लिशची प्लेसमेंट, म्हणजे कुणी कुठल्या कोर्सपासून सुरू करायचं ते, जवळजवळ राजधानी सॅक्रामेंटोतच ठरली, हायस्कूलच्या मार्कांवर मुलांना थेट ट्रान्सफर लेव्हलच्या, म्हणजे विद्यापीठात धरल्या जाणाऱ्या, कोर्सला बसवायचं, आणि खालचे रेमेडिअल कोर्सेस बहुतेक ठिकाणी गेले. मी मॅथ्स शिकवते त्यामुळे हा बदल मी वर्गात बघितलाय. ज्या मुलांना आधी तीन-तीन टर्म्स बीजगणितातच अडकून राहावं लागायचं त्यांचा फायदा झाला हे मान्य करते, आणि जी मुलं दहा वर्षांनी शिक्षणाकडे परत आलीत त्यांची ओढाताण होते हेही रोज बघते. पण सोबतचा मदतीचा सपोर्ट कोर्स कसा असावा, किती युनिटचा, ट्यूटर वर्गात असावा का, हे अजून कॉलेजातच ठरतं, आणि ते ठरवणाऱ्या खोलीत मॅथ्सचे शिक्षक किती आणि कोण होते यावर प्रत्येक कॉलेजचं उत्तर वेगळं निघालंय. ट्रान्सफरच्या पॅटर्नचं आणि कॉमन कोर्स नंबरिंगचंही (सगळ्या कॉलेजांत सारख्या कोर्सला एकच नंबर) असंच चाललंय, कायदा वरून येतो, तपशील शिक्षक भरतात. तुम्ही नाही भरलात तर दुसरं कुणीतरी भरतं.

मीटिंगचे नियम. इथे ब्राउन अॅक्ट नावाचा १९५३ चा राज्याचा कायदा लागू होतो, सेनेटला आणि तिच्या स्थायी कमिट्यांनाही. नेहमीच्या मीटिंगचा अजेंडा ७२ तास आधी लावावा लागतो, अजेंड्यावर नाही त्या विषयावर चर्चा किंवा निर्णय करता येत नाही, गुप्त मतदान नाही, कुणी काय मत दिलं ते नोंदवलं जातं, आणि कुणीही बाहेरचा माणूस येऊन बसू शकतो आणि बोलू शकतो. आपल्या लोकांनी एक गोष्ट खास लक्षात ठेवा, व्हॉट्सअॅप ग्रुप. आपल्याला सगळं ग्रुपवर ठरवायची सवय, मंडळाचा गणपती असो की पॉटलक. पण कमिटीच्या बहुसंख्य मेंबर्सनी ग्रुपवर किंवा मेलवर अजेंड्याचा विषय आपापसात बोलून घेतला तर ती बेकायदा मीटिंग ठरते, एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला असं करत गेलं तरीसुद्धा. तारीख ठरवा, कागद पाठवा, मत मात्र मीटिंगमध्येच.

आणि मीटिंगमध्ये बोला. डीनला इथे सर-मॅडम म्हणत नाहीत, नावाने बोलतात, आणि डीनच्या विरुद्ध मुद्दा मांडणं हा अपमान समजला जात नाही. आपण मीटिंगमध्ये मान डोलावतो आणि मग पार्किंगमध्ये तासभर बोलतो की हे चुकलं. मिनिट्समध्ये पार्किंग येत नाही. गप्प बसणं म्हणजे संमती असंच धरतात. एक वाक्य पुरतं, "माझी यावर शंका आहे, प्रीरिक्विझिटचा डेटा बघायला मिळेल का", एवढं म्हटलं तरी नोंद होते आणि पुढच्या मीटिंगला तो डेटा येतो.

अजून एक हक्क फारसा कुणाला माहीत नसतो. कॉलेजच्या किंवा डिस्ट्रिक्टच्या कमिटीवर शिक्षकांचा प्रतिनिधी कोण हे सेनेट ठरवते, प्रेसिडेंटशी सल्लामसलत करून. म्हणजे डीनने तुम्हाला कॉरिडॉरमध्ये गाठून "यू विल रिप्रेझेंट फॅकल्टी" म्हटलं तर हसून सांगा की सेनेटकडून नाव येऊ दे. हे उद्धटपणाचं नाही, पद्धतच तशी आहे, आणि मागाहून कुणी म्हणू शकत नाही की शिक्षकांना विचारलं होतं, ती होती ना तिथे. एका कॉलेजात माझ्या ओळखीच्या एका नवीन शिक्षिकेच्या बाबतीत नेमकं असंच झालं, तिची हजेरी हीच फॅकल्टीची संमती म्हणून दाखवली गेली आणि तिला त्याचा फार मनस्ताप झाला.

टेन्युअर ट्रॅकवर, म्हणजे कायम नोकरीच्या वाटेवर, असाल तर भीती वाटते हे मला ठाऊक आहे. चार वर्षं प्रोबेशन, पुढच्या वर्षी ठेवणार नसतील तर १५ मार्चच्या आत कळवावं लागतं, तोपर्यंत जीव टांगणीला. माझा सल्ला असा की पहिल्या वर्षी सेनेटमध्ये नुसतं जाऊन बसा, माणसं ओळखा, दुसऱ्या वर्षी करिक्युलम कमिटी घ्या कारण तिथे कॉलेज आतून कळतं, हायरिंग कमिटीवर संधी मिळाली तर सोडू नका. चेअरपद वगैरे टेन्युअर मिळाल्यावर. नाही म्हणायलाही शिका, कारण नवीन आणि मेहनती माणसावर चार-चार कमिट्या टाकतात आणि मग पेपर तपासायला रात्र पुरत नाही.

पार्ट-टाइमर्सचं अवघड आहे, ते मी गोड करून सांगणार नाही. एका डिस्ट्रिक्टमध्ये फुल-टाइम लोडच्या ६७ टक्क्यांपेक्षा जास्त शिकवता येत नाही, म्हणून लोक फ्रीमाँट, सॅन होजे, कूपर्टिनो अशा फेऱ्या मारत दोन-तीन डिस्ट्रिक्ट धरतात, आणि मीटिंगच्या वेळी ते हायवेवर असतात. ७५ टक्के शिकवणं फुल-टाइमर्सकडे असावं हे ध्येय १९८८ च्या त्याच कायद्यात लिहिलंय आणि अजून ते ध्येयच आहे. तरीही बऱ्याच सेनेटमध्ये पार्ट-टाइमर्ससाठी राखीव जागा असतात आणि कित्येकदा त्या रिकाम्या राहतात कारण कुणी अर्जच करत नाही. निवडणुका साधारण स्प्रिंगमध्ये होतात. कमिटीच्या तासांचे पैसे मिळतात का हे करारात बघा, काही ठिकाणी मिळतात, आणि पुढच्या टर्मला परत बोलावण्याचा क्रम कसा ठरतो, म्हणजे रीहायर प्रेफरन्स, तोही त्याच करारात असतो. सही करायच्या आधी ती दोन पानं शोधून वाचा, आणि नाही सापडली तर युनियनच्या ऑफिसला मेल टाका, पार्ट-टाइमर्सचा प्रतिनिधी कोण आहे एवढंच विचारा.