एदमों ब्लां यांचे चरित्र घोड्यांच्या वंशावळीतून कसे वाचावे

एदमों ब्लां (१८५६–१९२०) यांची ओळख सहसा फ्रेंच राजकारणी, उद्योजक आणि घोड्यांचे पैदासकार अशी करून दिली जाते. पहिल्या दोन बाबींची नोंद थोडक्यात आटोपावी. त्यांचे वडील फ्रांस्वा ब्लां यांनी माँटे कार्लोचा कॅसिनो भरभराटीला आणला, त्यामुळे पैसा वारशाने आला. १८९० च्या दशकात एदमों ओत-पिरेने प्रांतातून फ्रान्सच्या संसदेत निवडून गेले. आणि पॅरिसजवळचे सें-क्लू रेसकोर्स, जे १९०१ मध्ये सुरू झाले, तेही त्यांनीच उभारले. मात्र हा माणूस कशावर पैज लावत होता आणि त्यात काय कमावले, काय गमावले, हे समजून घ्यायचे असेल तर त्यांच्या झार्दी येथील स्टड फार्मवरील, म्हणजे पैदास-केंद्रावरील, घोड्यांच्या वंशावळी उघडाव्या लागतात.

वंशावळीचा तक्ता डावीकडून उजवीकडे वाचतात. डाव्या टोकाला घोड्याचे नाव असते, पुढच्या रकान्यात वर बाप आणि खाली आई, आणि तिथून प्रत्येक रकान्यात पूर्वजांची संख्या दुप्पट होत जाते, म्हणजे पाचव्या पिढीत ३२ नावे येतात. मुंबई-पुण्याच्या रेसबुकात घोड्याच्या आई-बापांची नावे दिलेली असतात, पण या कामाला तेवढी पुरत नाहीत. पाच पिढ्यांचा पूर्ण तक्ताच समोर घ्यावा. आरंभ फ्लाइंग फॉक्सपासून करावा, कारण ब्लां यांची सर्वांत गाजलेली खरेदी तीच होय.

फ्लाइंग फॉक्स १८९६ मध्ये ड्यूक ऑफ वेस्टमिन्स्टर यांच्याकडे जन्मला आणि १८९९ मध्ये त्याने इंग्लंडचा तिहेरी मुकुट, म्हणजे टू थाउजंड गिनीज, डर्बी आणि सेंट लेजर या तिन्ही शर्यती जिंकल्या. त्याच्या तक्त्यात आता एकच नाव दोनदा कुठे येते ते शोधावे. बाप ऑर्म, ऑर्मची आई अँजेलिका, तिचा बाप गॅलोपिन. खालच्या बाजूला आई व्हँपायर, आणि तिचाही बाप गॅलोपिनच. बापाच्या बाजूने गॅलोपिन तिसऱ्या पिढीत आणि आईच्या बाजूने दुसऱ्या पिढीत येतो, म्हणून ही नोंद ३×२ अशी लिहितात. बापाकडील आकडा नेहमी आधी येतो. इतक्या जवळचे रक्त एकत्र आणणे धाडसाचे असते, कारण वेगाबरोबर तापटपणाही दुणावण्याची भीती असते, आणि फ्लाइंग फॉक्सच्या स्वभावाविषयी तक्रारी होत्याच.

डिसेंबर १८९९ मध्ये ड्यूक वारले आणि मार्च १९०० मध्ये घोडा लिलावात निघाला, तेव्हा ब्लां यांनी त्याला ३७,५०० गिनींना विकत घेतले. एक गिनी म्हणजे २१ शिलिंग, आणि पौंडात शिलिंग २०. त्यामुळे गिनींच्या आकड्यात विसावा भाग मिळवला की पौंड मिळतात. ही रक्कम ३९,३७५ पौंड होते आणि तोवर शर्यतीच्या कोणत्याही घोड्याला एवढी किंमत आलेली नव्हती. चरित्रलेखक बहुधा या आकड्यावरच थबकतात. माझ्या मते आकड्यापेक्षा त्यापुढचे पाऊल अधिक बोलके आहे, आणि ते पाहण्यासाठी फ्लाइंग फॉक्सच्या मुलाच्या तक्त्याच्या खालच्या, म्हणजे आईच्या, अर्ध्या भागाकडे वळावे.

फ्लाइंग फॉक्सच्या झार्दीवरील पहिल्याच पिढीत १९०१ मध्ये एजॅक्स जन्मला. त्याची आई एमी ही क्लामारची मुलगी, आणि क्लामार म्हणजे १८९१ मध्ये ब्लां यांच्याच मालकीत ग्रां प्री द पारी ही मोठी फ्रेंच शर्यत जिंकलेला घोडा. बाहेरून आणलेले अतिमहाग रक्त त्यांनी दहा वर्षांपूर्वीच्या आपल्याच कमाईशी जोडले, ही त्यांची रीत या एका जोडीत स्पष्ट दिसते. एजॅक्स १९०४ मध्ये प्री द्यु जॉकी-क्लब आणि ग्रां प्री द पारी या दोन्ही शर्यती जिंकला आणि अखेरपर्यंत अपराजित राहिला.

यापुढे मालक आणि पैदासकार यांची गल्लत टाळावी. शिंगरू जन्मते त्या वेळी त्याची आई ज्याच्या मालकीची असते, तो पैदासकार मानला जातो. पुढे ते कोणीही विकत घेतले तरी ही नोंद बदलत नाही. फ्लाइंग फॉक्सचे पैदासकार ब्लां नव्हेत आणि त्याने इंग्लंडमध्ये शर्यती जिंकल्या त्याही त्यांच्यासाठी नव्हेत. उलट एजॅक्सचा मुलगा टेडी, जन्म १९१३, हा ब्लां यांच्याच पैदाशीचा. पण पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत तो एक वर्षाचा असतानाच जेफरसन डेव्हिस कोन यांना ५,४०० फ्रँकना विकला गेला. फ्रान्समधील शर्यती युद्धामुळे बंद पडल्याने टेडी १९१६ मध्ये स्पेनच्या सान सेबास्तियानला धावला आणि तिथली मोठी शर्यत जिंकला. त्याच्या तक्त्यात बेंड ऑर ५×३ असा येतो: बापाकडे एजॅक्स, फ्लाइंग फॉक्स, ऑर्म, ऑर्मंड, बेंड ऑर; आईकडे राँदो, डोरेमी, बेंड ऑर. वरचे सूत्र कळले की नाही हे पडताळण्यासाठी हीच मोजणी स्वतः करून पाहावी.

टेडीनंतर वाचन उलट दिशेने, म्हणजे पूर्वजांकडून वंशजांकडे करावे. त्याचा मुलगा सर गॅलाहॅड तिसरा अमेरिकेत गेला आणि त्याच्या गॅलंट फॉक्सने १९३० मध्ये अमेरिकेचा तिहेरी मुकुट मिळवला. टेडीची मुलगी ला ट्रॉयेन अमेरिकी पैदाशीतील सर्वांत प्रभावी माता-घोड्यांमध्ये गणली जाते. आजच्या घोड्याच्या पाच पिढ्यांच्या तक्त्यात ही नावे सापडणार नाहीत, कारण मध्ये बऱ्याच पिढ्या उलटल्या आहेत. त्यासाठी शेवटच्या रकान्यातील एकेक नाव घेऊन त्याचा स्वतंत्र तक्ता उघडावा आणि सर्वांत तळाची, आईकडून आईकडे जाणारी ओळही वगळू नये, कारण ला ट्रॉयेन अनेकदा तिथेच भेटते.