लग्नातलं उरलेलं अन्न वाचवायचं तर

आचाऱ्याला आदल्या दिवशीच गाठा. पंगती उठल्यावर फोन आला तर उशीर झालेला असतो. ताटातलं घेऊ नका, पातेल्यातलंच घ्या. वरण, भाजी ६० अंश सेल्सिअसच्या वर असेल तरच झाकणाच्या स्टीलच्या डब्यांत भरा. भात सगळ्यात फसवा: तो कोमट राहिला की त्यातले जिवाणू विष सोडतात, आणि ते पुन्हा गरम करूनही जात नाही. मराठवाड्यात मे महिन्यात पारा ४० च्या पुढे जातो, तेव्हा मठ्ठा, कोशिंबीर सोडूनच द्या. बुंदी, पोळ्या टिकतात. डब्यावर पदार्थ, शिजवल्याची वेळ, शाकाहारी की मांसाहारी हे लिहा. संभाजीनगरात घाटी रुग्णालयाबाहेर मुक्कामी असलेल्या नातेवाइकांसाठी नेताय? किती माणसं आहेत ते विचारा, मगच गाडी काढा. दोन तासांत वाटून संपवा.