आफ्रिकेतल्या डासाला डेंग्यू किती लागतो, ते आकड्यांतून कसं वाचायचं

"आफ्रिकेतल्या एडिस इजिप्तीला (म्हणजे डेंग्यू पसरवणाऱ्या डासाला) डेंग्यू फारसा लागत नाही" हे वाक्य खूपदा वाचायला मिळतं. अगदीच खोटं नाहीये ते, पण लॅबमधल्या प्रयोगाचा असा रिपोर्ट हातात आला की निष्कर्षावर उडी मारू नका, आधी बघा डास आणले कुठून.

कारण तिकडे हा डास एकसारखा नाहीच. जंगलातला काळपट प्रकार, फॉर्मोसस, झाडाच्या ढोलीतल्या पाण्यात वाढतो आणि जास्त करून जनावरांना चावतो, तर दुसरा फिकट, पूर्ण माणसाळलेला. सेनेगलमधे तर दोघांची सरमिसळ आहे, त्यामुळे नुसतं "आफ्रिकन डास" असं लिहिलेलं दिसलं की मला तरी लगेच शंका येते. डास किती पिढ्या लॅबमधे वाढवलेत तेही बघा, जास्त पिढ्या झाल्या की तो मूळचा रानातला डास राहत नाही.

मग व्हायरस. डेंग्यूच्या चार सेरोटाइपपैकी (म्हणजे प्रकारांपैकी, डेंग्यू-१ ते ४) कुठला, आणि त्यातही कुठला स्ट्रेन, म्हणजे उपप्रकार? सेनेगलच्या केदुगू भागात माकडं आणि जंगलातले डास यांच्यात फिरणारा डेंग्यू-२ वेगळा, शहरातल्या माणसांत फिरणारा वेगळा, एकाचं उत्तर दुसऱ्याला लावू नका.

आता खरी गोम. व्हायरसवालं रक्त पाजून साधारण दोन आठवडे डास उबेत ठेवतात आणि मग तीन गोष्टी तपासतात: आतड्यात व्हायरस वाढला का, तिथून सुटून पाय-पंखांपर्यंत पोचला का, आणि लाळेत उतरला का. माणसाला धोका फक्त लाळेतल्या व्हायरसचा, बरेच डास त्याआधीच आतड्याच्या भिंतीशी अडकतात. आणि टक्का कशाचा काढलाय ते बघाच! समजा १०० डासांना रक्त पाजलं, ५० ना लागण झाली, १० च्या पायांत व्हायरस सापडला, तर कोणी लागण झालेल्या ५० पैकी २० टक्के लिहितो, कोणी सगळ्या १०० पैकी १०, दोघंही बरोबर. पिंजऱ्याचं तापमान वाढवलं तरी आकडा बदलतो.

बरं, लाळेतला आकडा कमी आला म्हणून साथ येणारच नाही असंही नाही, डास किती आहेत, किती दिवस जगतात, माणसालाच चावतात का, यावर पण सगळं ठरतं. पश्चिम आफ्रिकेजवळच्या केप व्हर्दे बेटांवर २००९ मधे डेंग्यू-३ ची साथ आली तेव्हा संशयित केसेस २० हजारांच्या वर गेल्या होत्या.